खजिन्याचा आकडा कुणी लिहिला?

१७०३ च्या जून महिन्यात लंडनच्या टांकसाळीच्या प्रमुखाने, म्हणजे खुद्द आयझॅक न्यूटनने, एक हिशेब लिहून दिला. आदल्या वर्षी २३ ऑक्टोबरला स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या विगोच्या खाडीत इंग्रज आणि डच आरमाराने अमेरिकेहून चांदी घेऊन आलेला स्पॅनिश ताफा उद्ध्वस्त केला होता, आणि त्या लुटीची चर्चा सगळीकडे चालली होती. न्यूटनच्या हिशेबात टांकसाळीत जमा झालेली चांदी ४,५०४ पौंड २ औंस आणि सोने ७ पौंड ८ औंस भरले. दोन्हींची मिळून किंमत सुमारे १४,००० पौंड. एवढ्या मोठ्या विजयाच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. मग बाकीची चांदी गेली कुठे? लोकांनी परस्पर उत्तर ठरवून टाकले की ती खाडीच्या तळाशी आहे. या उत्तराच्या भरवशावर पुढची अडीचशे वर्षे कंपन्या निघाल्या, पाणबुडे उतरले, पुस्तके खपली. ज्यूल व्हर्नने तर आपल्या कप्तान निमोची तिजोरीही याच खाडीतून भरली. खरे उत्तर स्पेनच्या दप्तरांत पडून होते. इतिहासकार हेन्री केमन यांनी १९६६ मध्ये ते मांडले : बहुतेक चांदी लढाईच्या आधीच किनाऱ्यावर उतरवून आत नेलेली होती, आणि पाचव्या फिलिपच्या हाती त्या ताफ्यातून जेवढी रक्कम पडली तेवढी त्याआधी कोणत्याही स्पॅनिश राजाला एका वर्षात मिळाली नव्हती. ताफा बुडाला, खजिना बुडालाच नव्हता.

बुडालेल्या जहाजांच्या आणि त्यांतल्या सोन्याच्या सत्यकथा हा इंग्रजीत गेली शंभर वर्षे भरभराटीला आलेला प्रकार आहे आणि आता त्यांची भाषांतरेही होतात. या पुस्तकांतल्या चुका दाखवल्या की सहसा दोनच स्पष्टीकरणे मिळतात. एक, लेखकाने नीट तपासले नाही. दोन, गोष्ट रंगवताना थोडे इकडचे तिकडे होणारच. मला दोन्ही अपुरी वाटतात. या चुका अस्ताव्यस्त पसरलेल्या नाहीत, त्यांना ठरावीक दिशा आहे. खजिना वर काढण्यासाठी आधी भांडवल उभे करावे लागते. भांडवलासाठी आकडा लागतो, आणि त्या आकड्याभोवती गोष्ट लागते. पुस्तक बहुतेक वेळा याच साखळीतली पुढची कडी असते. म्हणून खजिन्याच्या सत्यकथेला पहिला प्रश्न विचारायचा तो असा : हा आकडा कुणी लिहिला, कधी लिहिला आणि कुणाला दाखवण्यासाठी लिहिला? मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे पुढे ठेवून बखरींची झडती घेतली होती. मागाहून, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली बखर आणि घटनेच्या वेळी कामापुरता लिहिलेला कागद यांत फरक करायचा, हे तेव्हापासून आपल्याकडे इतिहासाचे पहिले पाऊल मानले जाते. खजिन्याची पुस्तके बव्हंशी बखरी आहेत. त्यांना पत्रांची कसोटी लावायला हवी.

या प्रक्रियेचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे ‘ग्रोव्हनर’. ईस्ट इंडिया कंपनीचे हे जहाज जून १७८२ मध्ये त्रिंकोमालीहून मायदेशी निघाले आणि ४ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेच्या पोंडोलँड किनाऱ्यावर आपटून फुटले. बहुतेक माणसे जिवंत किनाऱ्याला लागली आणि केपच्या दिशेने शेकडो मैल पायी निघाली. शेवटी युरोपीय वस्तीपर्यंत पोचली ती जेमतेम दीड डझन, त्यांत हिंदी खलाशी आणि आयाही होत्या. कंपनीच्या वतीने अलेक्झांडर डॅलरिंपल याने वाचलेल्यांच्या जबान्या घेऊन १७८३ मध्ये अहवाल दिला. त्या अहवालात माणसांची वाताहत आहे, कप्तानाचे चुकलेले अंदाज आहेत. दिल्लीच्या मयूरासनाचा मात्र मागमूस नाही. पुढे किनाऱ्यावर अधूनमधून नाणी सापडत राहिली, त्यांत मद्रासकडचे सोन्याचे होनही होते. तेवढ्या नाण्यांवर पुढे मोठी दंतकथा उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खजिना काढणाऱ्या मंडळ्या निघू लागल्या, आणि विसाव्या शतकात भाग विकायची वेळ आली तेव्हा जहाजाच्या पोटात मयूरासनही जाऊन बसले. १९२१ मध्ये एका मंडळीने किनाऱ्याच्या खडकातून समुद्राखाली बोगदा खणायला घेतला. नादिरशहाने ते आसन १७३९ मध्येच दिल्लीहून नेले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असावे. तरीही मयूरासन पुस्तकामागून पुस्तकांत छापले गेले, कारण मागचे पुस्तक पुढच्याला पुरावा म्हणून चालत होते. हे थांबवले कुणी, तर पर्सिव्हल कर्बी या संगीताच्या प्राध्यापकाने. त्यांनी १९५३ मध्ये या अपघाताची मूळ कागदपत्रे संपादित केली आणि १९६० मध्ये खरी हकीकत लिहिली. आकडा किंवा वस्तू कथेत नेमकी कोणत्या साली शिरते, एवढे पाहिले तरी अर्धे काम होते. मयूरासन शिरले ते जहाज बुडाले तेव्हा नव्हे, भाग विकायला निघाले तेव्हा.

गोव्याशी नाते सांगणारे ‘फ्लोर द ला मार’ हे याचेच भावंड. गोवा जिंकल्यावर वर्षभराने आफोंसो द आल्बुकर्कने मलाक्का घेतले आणि लूट घेऊन तो परत निघाला. त्याचे जुने, गळके जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ फुटले, तो स्वतः तराफ्यावरून वाचला. त्याच्या मुलाने सोळाव्या शतकातच संकलित केलेल्या वृत्तांतात मलाक्काहून उचललेल्या धातूच्या सिंहांचा उल्लेख येतो, आणि ते गमावल्याची हळहळही. आजच्या खजिनापुस्तकांत मात्र साठ टन सोने येते आणि जगातला सर्वांत मोठा हरवलेला खजिना असे बिरुदही. साठ टन कुणी तोलले, याचा एकही समकालीन कागद या पुस्तकांत पुढे केलेला नसतो. जहाजावरच्या मालाची यादी हाती नसली की आकड्याला लगाम राहत नाही.

यावर पहिला आक्षेप समंजस आहे. तुम्ही कागदांवर एवढा विसंबता, पण कागद तरी कुठे खरे बोलतात? जहाजावरच्या मालाची यादी करवसुलीसाठी होत असे आणि कर चुकवणारे सगळेच होते. हे अगदी खरे आहे, आणि ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. हे स्पॅनिश जहाज सप्टेंबर १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळच्या बेटांपाशी वादळात बुडाले. २६५ माणसांपैकी पाच वाचली. सेव्हिलच्या दप्तरखान्यात त्याची मालाची यादी शिल्लक आहे, चांदीच्या विटांचे क्रमांक आणि वजनांसकट. पण तळातून जे पाचू निघाले ते यादीत नव्हतेच. ते चोरटे होते. म्हणजे कागद खोटा ठरला का? नाही, तो अपुरा ठरला, आणि कोणत्या बाजूने अपुरा ठरला हे पाहण्यासारखे आहे. करासाठी केलेली यादी खरा माल कमी दाखवते. भाग विकण्यासाठी केलेले माहितीपत्रक तो जास्त दाखवते. दोघांचाही स्वार्थ उघड आहे, म्हणूनच दोघांचाही कल ओळखता येतो. कागदाच्या बाबतीत एवढी जास्तीची सोय आहे की त्याची पडताळणी करता येते. १९७३ मध्ये शोधकांना चांदीच्या काही विटा मिळाल्या, तेव्हा त्यांच्यावरचे क्रमांक साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून पाहता आले आणि ते जुळले. साठ टनांची अशी परीक्षा कधीच होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप धंद्याच्या बाजूने येतो. अतिशयोक्ती नसती तर कुणी पैसे घातले असते? दंतकथेनेच माणसे समुद्रात उतरली, म्हणून तर ‘आतोचा’ सापडले. इथे पुन्हा ‘आतोचा’चीच हकीकत उलट बाजूने साक्ष देते. खजिनाशोधकांच्या हातातल्या मार्गदर्शक पुस्तकांत हे जहाज माटेकुंबे बेटांपाशी बुडाल्याचे छापलेले होते. मेल फिशर आणि त्याची माणसे तिथेच शोधत राहिली. युजीन लायन हे स्पॅनिश अमलाचे अभ्यासक सेव्हिलमध्ये किड्यांनी पोखरलेले कागद वाचत होते. १९७० च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की बुडालेल्या जहाजांतला माल काढण्याच्या त्या काळच्या नोंदी वेगळ्याच जागेकडे बोट दाखवतात, मार्केसास बेटांकडे. सतराव्या शतकात माटेकुंबे हे नाव त्या साऱ्या बेटांच्या माळेला सैलपणे वापरले जाई. पुस्तकांनी ते एकाच बेटाला चिकटवले होते. दोन जागांत शंभर मैलांच्या आसपास अंतर आहे. शोध पश्चिमेकडे वळला तो या वाचनामुळे. त्यानंतरही पंधरा वर्षे गेली, १९७५ मध्ये फिशरचा मुलगा आणि सून यांच्यासह तिघे बोट उलटून मेले, आणि २० जुलै १९८५ ला मुख्य ढीग सापडला. दंतकथेने माणसे पाण्यात उतरवली हे मान्य. पण तिने ती शंभर मैल चुकीच्या जागी उतरवली, हेही हिशेबात धरावे लागेल. फिशरच्या चिकाटीचे कौतुक करणारी पुस्तके या दप्तरी कामाला एखाद्या परिच्छेदात उरकतात. तपशील खोटा न लिहिताही गोष्ट चुकीची सांगता येते, ती अशी.

तिसरा आक्षेप साहित्याचा आहे : सत्यकथा म्हणजे काही न्यायालयाचा निवाडा नव्हे, प्रसंग उभा करायला लेखकाला मोकळीक हवी. हवीच. गॅरी किंडर यांचे ‘सेंट्रल अमेरिका’ या जहाजावरचे १९९८ चे पुस्तक घ्या. हे जहाज कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे जात असताना १२ सप्टेंबर १८५७ ला वादळात बुडाले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. किंडर यांनी वादळाचे दिवस तासातासाने उभे केले आहेत आणि त्याला आधार आहे : वाचलेल्यांच्या जबान्या तेव्हाच्या वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने छापून आल्या होत्या. अशा जागी कल्पना पुराव्याला धरून चालते. अडचण सोन्यापाशी येते. व्यापाऱ्यांनी रीतसर पाठवलेले सोने १८५७ च्या हिशेबाने १२ ते १६ लाख डॉलरचे होते. तेव्हा औंसाला २० डॉलर ६७ सेंट हा भाव ठरलेला होता, म्हणजे गुणाकार-भागाकार केला तर ते दोन-अडीच टनांपलीकडे जात नाही. प्रवाशांच्या पट्ट्यांतले आणि पेट्यांतले सोने धरून हा आकडा दुप्पट होईल फार तर. पण १९८८ मध्ये टॉमी थॉम्पसनच्या चमूला जहाज सापडल्यावर वृत्तपत्रांत एक अब्ज डॉलरपर्यंतचे अंदाज झळकले आणि सैन्याने गुप्तपणे पाठवलेल्या पंधरा टनांची कथा पुन्हा पुन्हा छापली गेली. प्रत्यक्षात २००० साली बहुतेक सोने विकले गेले ते सुमारे पाच कोटी डॉलरना. वादळाची लाट किती उंच होती यावर कुणाचे पैसे अवलंबून नसतात. सोने किती टन होते यावर १६१ गुंतवणूकदारांचे होते. मोकळीक कुठे घ्यायची नाही, याची रेषा इथे आपोआप आखली जाते : ज्या तपशिलावर कुणाचा तरी व्यवहार उभा आहे, तिथे लेखकाने कागदाशिवाय पाऊल टाकू नये.

याच पुस्तकाला आणखी एक मर्यादा आली, आणि ती लेखकाच्या हातची नव्हती. ते संपते ते यशावर. पुढे १ कोटी २७ लाख डॉलर घालणाऱ्या त्या गुंतवणूकदारांना परतावा मिळाला नाही, खटले झाले, २०१२ मध्ये थॉम्पसन न्यायालयाची तारीख चुकवून फरार झाला, जानेवारी २०१५ मध्ये फ्लोरिडात पकडला गेला, आणि पाचशे सोन्याची नाणी कुठे आहेत हे सांगत नाही म्हणून न्यायालयाच्या अवमानापायी त्याने तुरुंगात नऊ वर्षे काढली. या प्रकारातले पुस्तक जवळजवळ नेहमी सोने डेकवर येण्याच्या क्षणी थांबते, कारण वाचकाची उत्कंठा तिथे पुरी होते. पण खजिन्याचा इतिहास तिथे निम्मा झालेला असतो. मालकी कुणाची, विमा कंपन्यांचा हक्क किती, काढणाऱ्याचा वाटा किती, हा उरलेला निम्मा भाग न्यायालयांत घडतो.

नेमकेपणा आणि रंगत यांचे वैर नसते याचा पुरावाही याच प्रकारात आहे, आणि तो मुंबईच्या वाटेवरच्या जहाजाचा आहे. पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ मे १९२२ मध्ये टिलबरीहून मुंबईला निघाली. २० तारखेच्या संध्याकाळी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापुढे दाट धुक्यात ‘सेन’ नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीने तिला धडक दिली आणि सुमारे वीस मिनिटांत ती बुडाली. तिच्यावर हिंदुस्थानकडे चाललेले दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. निजाम सरकारच्या छापून आलेल्या कोऱ्या नोटाही होत्या. सोन्याचा विमा लॉइड्सकडे होता, तो भरपाईत चुकता झाला. म्हणजे किती सोने बुडाले हे पहिल्या दिवसापासून विटांच्या संख्येपर्यंत ठाऊक होते. तरीही जेनोव्हाच्या सोरिमा कंपनीचा जोवानी क्वालिया १९२९ मध्ये तिच्या शोधात उतरला. दंतकथेवाचून भांडवल उभे राहत नाही या समजाला हे सरळ उत्तर आहे. क्वालियाच्या ‘आर्तिल्यो’ बोटीवर द टाइम्सचा बातमीदार डेव्हिड स्कॉट होता. त्याने १९३१ आणि १९३२ मध्ये या मोहिमेवर दोन पुस्तके लिहिली. शोधाचे वाया गेलेले महिने, सव्वाशे मीटर खोलीवर पोलादी कोठडीत बसून काचेतून पाहत टेलिफोनवर वरच्या यारीला सूचना देणारा पाणबुडा, डिसेंबर १९३० मध्ये दारूगोळ्याचे दुसरे बुडीत जहाज फोडताना झालेला स्फोट आणि त्यात गेलेला आल्बर्तो जान्नी, असे सारे त्यात येते. २२ जून १९३२ ला पहिले सोने वर आले. कामाची पद्धत आणि अपयश यांतच इतके नाट्य होते की मयूरासनाची गरज पडली नाही.

मात्र ‘इजिप्त’चीच कहाणी माझ्या कसोटीतली उणीवही दाखवते. विमा, यादी, लिलाव हे कागद सोन्यापुरते बोलतात. माणसांविषयी त्यांना काही म्हणायचे नसते. ‘इजिप्त’वर फक्त ४४ प्रवासी होते आणि कर्मचारी तीनशेच्या घरात, त्यांतले बहुसंख्य हिंदी. पी. अँड ओ.च्या जहाजांवर डेकवर कोकण आणि गुजरात किनाऱ्याचे खलाशी, भट्टीपाशी पंजाबी आगवाले आणि जेवणघरात मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकीच्या वसतिगृहांत, मुक्काम करणारे गोंयकार बटलर अशी कामाची वाटणी ठरून गेलेली असे. ऐंशीहून अधिक माणसे मेली, त्यांत प्रवाशांपेक्षा कर्मचारी कितीतरी जास्त. तरी बोट बुडताच इंग्लंडच्या वृत्तपत्रांत बोभाटा झाला तो हिंदी खलाशांनी घाबरून बोटींवर झडप घातल्याचा. रीतसर चौकशी झाली तेव्हा न्यायालयाने जीव वाचवण्याची योग्य तजवीज न केल्याचा ठपका ठेवला तो कप्तानावर आणि मुख्य अधिकाऱ्यावर. कप्तानाचा परवाना सहा महिने निलंबित झाला. बोटी सोडण्याची तालीम कुणी घ्यायची आणि धुक्यात हुकूम कुणी द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे सारंग-टंडेलांकडे मागून चालणार नव्हते. पण वृत्तपत्रातली पहिली बातमी निकालापेक्षा दूर जाते, आणि जहाजबुडीच्या पुस्तकांत घाबरट खलाशी हे पात्र ठरूनच गेले. सोन्याचा फुगवलेला आकडा तळ गाठला की आपोआप खाली येतो. माणसांवर लिहिलेला खोटा शेरा खोडायला कुणी पाणबुडा उतरत नाही, कारण त्यातून कुणाला नफा नसतो.

म्हणून कसोटीला दुसरे कलम जोडायला हवे : पुस्तक सोन्याला जेवढी नेमकी नोंद देते तेवढीच बुडालेल्यांना देते का? हा प्रश्न आपल्याकडे लवकरच उपयोगाला येईल. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबई बंदरातून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने बुडवली. २८० माणसे गेली, बहुतेक हिंदी प्रवासी आणि खलाशी. तिच्यातली चांदी २०१७ मध्ये तळातून काढण्यात आली आणि ती कुणाची यावरचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. त्या निमित्ताने विटांची संख्या, २,३६४, निकालपत्रात कायमची नोंदली गेली. या जहाजावर आता पुस्तके येतील, कदाचित मराठीतही. चांदीचा भाग त्यांना तयार मिळेल, कारण वकिलांनी तो घासूनपुसून ठेवला आहे. गेलेल्यांची नावे, गावे, ते आफ्रिकेत कशासाठी चालले होते आणि त्या बोटीवर कोणते काम करत होते, हे मात्र लेखकाला बंदराच्या नोंदी, कंपनीचे पगारपत्रक आणि घराघरांतली पत्रे धुंडाळून मिळवावे लागेल. जो लेखक तेवढे करील त्याचेच पुस्तक सत्यकथा या नावाला पात्र ठरेल. जो विटा मोजून थांबेल त्याने लिहिलेले सगळे आकडे बरोबर असले, तरी ती मालाची यादीच राहील.